साडू हसले की हसायचं

आमच्या साडूंइतका नाटकवेडा माणूस अख्ख्या छत्तीसगडात झाला नाही, आणि हे मी त्यांनी स्वतः जन्मात एकदाही तोंडाला रंग लावलेला नसताना सांगतोय. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात एकच खातं मागून घेतलं : मंडळींना नाटकाला नेणं. वेगळं राज्य झालं तेव्हा "आता आपण राजधानीवाले, नाटक कंपन्या घरी चालत येतील," असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. आले ते मॉल आणि उड्डाणपूल. मराठी नाटक नागपूरच्या पुढे काही सरकलं नाही, मग साडूच आम्हाला नागपूरला घेऊन निघायचे. दुपारच्या प्रयोगासाठी पहाटे स्टेशनावर गोळा करायचे, आणि तेही इतकं आधी की फलाटावरची कुत्रीसुद्धा उठलेली नसत. बायकांनी नाटकाला चांगलंच लुगडं नेसून यायचं, आणि नाट्यगृहात कुणी वेफर्सचं पाकीट वाजवायचं नाही. अभनपूरच्या एका सभासदानं एकदा मुळ्याचे पराठे आत नेले, तर साडूंनी त्याला पहिला अंक संपेपर्यंत बाहेर बसवलं. "नट तिकडे जीव तोडून राहिला अन् तू इकडे मुळा खाऊन राहिला? काहून आला मंग?"

ते रांगेच्या टोकाला बसत, शेजारी त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि पुढे आम्ही सगळे. आमची पोट्टी हिंदी शाळांत वाढलेली. मराठी कळायचं, पण विनोद कळेस्तोवर नट पुढच्या वाक्यावर गेलेला असे. म्हणून मंडळात आपोआप एक रीत पडली : साडूंकडे बघायचं, ते हसले की हसायचं. आमची रांग अशी एकदम उसळायची की नागपूरकर माना वळवून बघत. काय रसिक लोक आहेत रायपूरचे! मलाही खोटा अभिमान वाटायचा.

थोरली गेली आणि सगळं थांबलं. साध्या तापाचं निमित्त झालं, आठवड्यात घर ओस पडलं. साडू गोल बाजारात भाजीला आले तरी कुणाशी बोलत नसत. पुढे त्यांनीच एक दिवस तिकिटं काढली, आम्हालाही बरं वाटलं. त्यांच्या शेजारची खुर्ची आम्ही मोकळी ठेवली. दुसऱ्या अंकात रंगमंचावरच्या बापाला मुलगा गेल्याची बातमी येते. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे गदगदू लागले, सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं. आणि साडू मोठ्यानं हसले. झालं! पाठोपाठ आमची अख्खी रांग खो-खो हसली. तो नट क्षणभर थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "लाज वाटते का?" मला जमीन दुभंगावी असं झालं.

बाहेर चहाच्या टपरीवर साडू कपाकडे बघत म्हणाले, "ऐकू येत नाही गा मले. लय वर्षं झाली. मले वाटलं, तो हसून राहिला."

"मग इतकी नाटकं?" मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं.

"ती सांगे ना. कोपर मारलं का हसाचं, हात दाबला का गप बसाचं." मग कप खाली ठेवून म्हणाले, "आता बंद. लोकांची शोभा झाली माह्यापायी."

माझी बायको तिथेच रडायला लागली. तिलाही बहिणीनं कधी कळू दिलं नव्हतं.

त्यानंतर साडूंनी मंडळात पाऊल टाकलं नाही. घरी गेलं तर टीव्ही आवाज बंद करून बघत बसलेले. शेवटी आमची पोट्टी तिथे जाऊन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आली, "मौसाजी, आप नहीं चलेंगे तो हम भी नहीं जाएँगे." त्यांनी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून ठेवला म्हणे.

परवा साडूंसकट सगळे पुन्हा नागपूरला गेलो. माझी बायको मला काही न विचारता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पहिल्याच विनोदाला तिनं कोपर मारलं, साडू हसले, रांग हसली, पण तोवर बाकीचं नाट्यगृह हसून मोकळं झालं होतं. मध्यंतरात ते तिच्याकडे वळून म्हणाले, "तुले उशीर होते. तिले आधीच समजे."

"शिकते मी, भाऊजी," ती म्हणाली. त्यांना ते ऐकू गेलं नाही. तिनं त्यांचा हात दाबला.