चौदा मिनिटांची मालिश

नियम पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. नवा नियम दिसला की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस मात्र एकच पाहिला, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा निघाला. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. राहणार दारव्ह्याचे. घरची सोयाबीन-तुरीची शेती, आणि धंदा मालिशचा. एका व्यावसायिक कबड्डी संघाचे ते पहिल्या हंगामापासूनचे मालिशवाले. दारव्ह्याहून यवतमाळला येणाऱ्या जीपमध्ये नऊ माणसांची परवानगी असते आणि सोळा बसतात. भाऊजी आत बसून मोजत राहतात आणि दहावा चढला की खाली उतरतात. "काका, तुम्ही तं चौथे बसले होते, तुम्ही काहून उतरता?" असं ड्रायव्हर विचारतो. भाऊजी म्हणतात, "कोणी तरी उतरालेच पायजे ना बावा." माझ्या लेकीच्या साखरपुड्याला ते सकाळी आठला निघाले आणि दुपारी चारला पोचले. तोवर जेवणाची शेवटची पंगतही उठली होती. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

अशा माणसाच्या हातात कोरोनाच्या काळात लीगची जाडजूड नियमावली पडली. सगळे संघ दक्षिणेतल्या एका मोठ्या हॉटेलात बंद. बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. दर तिसऱ्या दिवशी नाकात काडी, आणि रोज सकाळी एक फॉर्म: ताप आहे का, खोकला आहे का, घसा दुखतो का, वास येतो का. खेळाडू न वाचता "नाही, नाही, नाही" लिहून मोकळे व्हायचे. भाऊजी प्रत्येक प्रश्नाला थांबून विचार करायचे. वास येतो की नाही हे ठरवायला ते आपल्या तेलाची बाटली हुंगून बघत. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन, त्या दिवसांत रोज नमुने घेत होते, म्हणून त्यांचा मला रोज फोन. "वहिनी, काडी आधी उजव्या नाकपुडीत घालाची का डाव्या?"

"कोणत्याही."

"हे कुठं लेखी आहे काय?"

कबड्डी म्हणजे सात जणांनी साखळी करून एकाच्या अंगावर पडायचं. या खेळाला अंतराचे नियम लावणं म्हणजे कुस्तीला टाय बांधण्यासारखं. पण मॅटवर सगळं माफ होतं, मॅटबाहेर नव्हतं. मॅटबाहेर एखाद्याजवळ पंधरा मिनिटं राहिलं की तुम्ही त्याचे निकटचे संपर्क. त्याला लागण निघाली की तुम्हीही सात दिवस खोलीत. मालिशवाला तर सगळ्यांच्याच जवळ. भाऊजींनी यावर तोड काढली. मास्क, हातमोजे, समोर घड्याळ, आणि चौदाव्या मिनिटाला हात वर. एक दिवस हरियाणाचा चढाईपटू डावी पोटरी चोळून घेऊन उजवीची वाट बघत पडला होता. भाऊजी उठून दारात पोचलेसुद्धा.

"चाचा, मैं क्या एक टांग से खेलूँ?"

"दूसरी शाम को," म्हणून भाऊजी गेले.

दोन खेळाडूंना लागण निघाली तेव्हा त्यांच्या दारांवर इंग्रजीतले कागद चिकटवले गेले. सफाईवाल्या बाया तरीही बादली घेऊन आत शिरू लागल्या. आपल्याकडे घरात कोणाला माता आली की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात आणि परका माणूस उंबरा ओलांडत नाही. भाऊजींनी हॉटेलच्या बागेतला कडुनिंब तोडून दोन्ही दारांना बांधला. बाया बाहेरूनच हात जोडून परत फिरल्या. मॅनेजर आधी झाडासाठी चिडला, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संघासाठी त्यानेच चार डहाळे मागितले.

त्या वर्षी संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला. भाऊजींचा तो शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी मालिशचं यंत्र आणि शिकलेला फिजिओ येणार, हे त्यांना सांगून झालं होतं. इतक्या वर्षांत त्यांची एकच इच्छा होती, फायनलला मॅटशेजारच्या बाकावर बसायची. सामन्याच्या आदल्या सकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, घसा खवखवून राह्यला."

"ताप?"

"नाही. कालची टेस्ट निगेटिव्ह आली."

"मग झालं तर."

"फॉर्मवर काय लिहू? हो लिहिलं तं सात दिवस खोलीत."

माझ्यापुढे नमुन्यांची रांग होती, हातात मोजे चढवलेले. मी म्हटलं, "नाही लिहा. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा अन् फायनल बघा. निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह." लॅबमधल्या माणसानं हे बोलायला नको होतं. "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी "हो" लिहिलं. कोणाच्याही अंगाला हात न लावता ते खोलीत जाऊन बसले. संध्याकाळी त्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली. लीगच्या डॉक्टरांनी निकटच्या संपर्कांची यादी काढली, तर यादीत एकही नाव नाही. कोणालाच पंधरावं मिनिट लाभलं नव्हतं. सगळ्या संघाची पुन्हा तपासणी झाली, सगळे निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी सामना झाला आणि संघ दोन गुणांनी जिंकला. भाऊजींनी तो खोलीतल्या टीव्हीवर बघितला. इकडे सामना बघायला आमच्याकडे आलेली नणंद मला टीव्हीवरचा बाक दाखवत होती, "वहिनी, पाहा, त्याईची जागा रिकामी ठेवली." मला ती रिकामी दिसली नाही, तिथे पाण्याच्या बाटल्या होत्या.

आता ते दारव्ह्यातच असतात, लोकांच्या पाठी चोळून देतात. मागच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर चार माणसं बसली होती. त्यातल्या एकानं छेडलं, "काय राजेहो, फायनल सोडून खोलीत बसले! कोणाले समजलं असतं?"

भाऊजी म्हणाले, "आमच्या वहिनी लॅबमधल्या आहेत. त्याईले इचारलं होतं मी."

मी काय सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. चारही माणसांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. एकानं तर उठून मला खुर्ची दिली. मी खुर्चीवर बसले.