सासूबाईंनी वाळत घातलेली माती

सासरी गेलेल्या जावयाने खुर्चीतून उठू नये, हा नियम ज्या कोणी केला असेल तो स्वतः एकदा उठून पस्तावलेला असणार.

हा जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लोकांना नीट दिसावं म्हणून दिवसभर भिंगं पुसणारा हा गृहस्थ त्या सकाळी सासूबाईंच्या तळमजल्यावरच्या घरात एकटाच होता. मायलेकी बाजारात गेल्या होत्या. गॅलरीत वर्तमानपत्रांवर मातीचे दोन ढीग पसरलेले त्याला दिसले. कोपऱ्यात झाडू होता, डोक्यात सासूबाईंना खूश करण्याची हौस होती. एवढं साहित्य जमल्यावर घात व्हायला कितीसा वेळ लागतो? त्याने दोन्ही ढीग सुपलीत भरले आणि दारात आलेल्या कचऱ्याच्या गाडीत रिते केले. फरशी पुसली. मग वर्तमानपत्रांच्या घड्या घालताना खालून दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर ‘फाटकाकडची’ आणि दुसरीवर ‘मागची’ असं सासूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं.

तो तसाच दाराकडे धावला. गाडी तर केव्हाच कोपऱ्यावरून वळली होती.

सासूबाईंचा उभा जन्म माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेला होता. आलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी ठोकळ्याने ढेकळं फोडायची, चाळायची आणि मग तपासायची. लोखंडी हातोडा त्या जवळ येऊ देत नसत. त्याचं लोखंड मातीत उतरतं आणि तपासणी त्याचीच होऊन बसते, असं म्हणत. निवृत्त झाल्या तरी हात थांबले नव्हते. कुठेही गेल्या की चिमूटभर माती उचलायची, थुंकीने भिजवायची आणि दोन बोटांत वळायची. लांब पट्टी निघाली तर चिकणमाती, बोटांत खरखरली तर वाळू. लेकीचं लग्न ठरवायला मुलाकडे गेल्या तेव्हासुद्धा आधी त्यांच्या अंगणातली माती वळून पाहिली होती आणि मग मुलाकडे वळल्या होत्या. माती पसंत पडली होती. मुलाबद्दल त्या अजून काही बोललेल्या नव्हत्या. सगळी बिल्डिंग त्यांना पाठीमागे ‘चाळणीबाई’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्या दोन ढिगांवर बरंच काही अवलंबून होतं. बिल्डिंगच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, फरशा बसवायच्या, असं सेक्रेटरींनी मनावर घेतलं होतं. ती माती मेलेली आहे, नुसता चिखल करते, हे त्यांचं म्हणणं. सासूबाई त्या जागेत वर्षानुवर्षं भाजीची सालं आणि पालापाचोळा जिरवत आल्या होत्या. कोणी पाला पेटवायला काडी काढली की त्या गॅलरीतून असा आवाज द्यायच्या, की काडी आपोआप विझायची. सोसायटीची बैठक तोंडावर आली होती आणि त्याआधी दोन्ही टोकांची माती तपासून घ्यायची होती.

जावयाने डोकं चालवलं. नाक्यावरच्या नर्सरीतून तयार मातीची पिशवी आणली, दोन सुबक ढीग केले आणि चिठ्ठ्या जागच्या जागी सरकवल्या. माती काळीभोर होती. आधीच्यापेक्षा चांगलीच दिसत होती.

सासूबाई आल्या, पिशव्या ठेवल्या आणि गॅलरीत गेल्या. एक चिमूट उचलली, वळली, वास घेतला. मग तिच्यातला एक तपकिरी धागा ओढून उजेडात धरला.

“जावईबापू, आपल्या फाटकाजवळ नारळाचं झाड आहे का हो?”

“नाही, आई.”

“मग ही शेंडी कोणाची?”

जावयाने सगळं कबूल केलं. लेकीने कपाळावर हात मारला. सासूबाई मात्र चिडल्या नाहीत आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. भीतीच्या भरात त्याने आणखी एक अक्कल पाजळली. नाहीतरी ही माती चांगली आहे, तर हीच तपासायला पाठवावी, असं तो म्हणाला. निकाल झकास येईल, सेक्रेटरी गप्प बसतील आणि सगळी जागा वाचेल. लेकीलाही क्षणभर ते पटलं असावं, कारण तिने कपाळावरचा हात खाली घेतला.

सासूबाईंनी हात झटकले. “दुसऱ्याचा चष्मा लावून नंबर काढून देता का हो गिऱ्हाईकाला?”

दुपारी फावडं त्याच्या हातात आलं. सासूबाई स्टूल टाकून बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. एकाच जागी खणायचं नाही, नागमोडी चालत ठिकठिकाणी खणायचं. वरचा पाला बाजूला सारायचा. सालं जिरवतात तिथलं घ्यायचं नाही. ती लाडावलेली माती, ती बाकीच्यांची साक्ष देणार नाही.

मागच्या बाजूला फावडं अलगद आत गेलं. एक गांडूळ वर आलं, त्याने जावयाकडे दुर्लक्ष केलं आणि परत आत गेलं. फाटकाकडे मात्र फावडं ठण्णकन वाजलं आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. तिथे बिल्डिंगच्या गाड्या उभ्या राहायच्या.

सासूबाईंनी त्याला समजावलं, की चांगली माती निम्मी पोकळ असते. तिच्यातल्या बारीक बारीक खोल्यांत हवा आणि पाणी नांदतं, मुळं आणि किडेमुंग्या भाडेकरू म्हणून येतात. वरून गाड्या फिरल्या की त्या खोल्या बसतात. भाडेकरू निघून जातात. मग पाणी दारावरूनच परत जातं.

एका टोकाची माती बादलीत कालवून फडक्यावर थापायची, तिचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेली पुन्हा कालवायची, पुन्हा निम्मी टाकायची, म्हणजे शेवटी उरलेल्या ओंजळीत सगळ्या खड्ड्यांचा वाटा असतो. इतक्या घामाने खणलेलं टाकताना जावयाचा जीव तुटत होता.

“टाका, टाका,” सासूबाई म्हणाल्या. “टाकायची सवय आहे तुम्हाला.”

माती वाळेपर्यंत तो रोज दुकानातून परस्पर तिकडे जायचा आणि गॅलरीत बसून मांजर हाकलायचा. पुढे ढेकळं फोडायचा ठोकळाही त्याच्या हातात आला. चाळणी मात्र सासूबाईंनी दिली नाही.

प्रयोगशाळेतून निकाल आला. मागची माती धडधाकट होती. फाटकाकडची दगडासारखी बसलेली होती हे फावड्याने आधीच सांगितलं होतं, आता कळलं की तिच्यात कुजका पालापाचोळा औषधालाही नव्हता.

बैठक त्याच जागेवर खुर्च्या टाकून भरली. सासूबाई मागची तेवढी सांगतील आणि बाकीचं गिळतील, असं जावयाला वाटलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, “सेक्रेटरी, तुम्ही म्हणता ते फाटकाकडच्या अर्ध्या जागेपुरतं खरं आहे.”

भांडणाची तयारी करून आलेले सेक्रेटरी गडबडले. समोरचा निम्मं कबूल करून बसला की उरलेलं भांडण ओढायचं कसं? सासूबाईंनी जावयाला दोन बादल्या पाणी आणायला लावलं. मागच्या बाजूला ओतलेलं पाणी लोकांची मान वळेपर्यंत जिरून गेलं. फाटकाकडचं जिरेना; ते वाट काढत सेक्रेटरींच्या चपलांपर्यंत आलं. फरशा घातल्या की सगळीकडे हेच होणार आणि उताराने जिन्यात शिरणार, एवढंच सांगून त्या खाली बसल्या.

सेक्रेटरींनी चप्पल झटकली. ते मागच्या कोरड्या होत चाललेल्या जागेवर जाऊन पाय दाबून आले. स्वतःच्या विरुद्ध बोलणारं माणूस या बिल्डिंगमध्ये आपण प्रथमच पाहतो आहोत, तेव्हा बाकीचंही खरंच असणार, असं ते म्हणाले. शेवटी ठरलं ते असं: मागच्या जागेला हात लावायचा नाही. फाटकाकडे वर्षभर गाड्या लावायच्या नाहीत. तेवढ्या मुदतीत तिथे पाणी जिरायला लागलं तर ठीक, नाहीतर तेवढ्या तुकड्यावर फरशा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी जावई आपणहून आला. त्याने फाटकाकडे दातेरी फावडं रोवलं आणि सांगितल्याप्रमाणे माती न उलथता नुसती हलवून सैल करू लागला. मागून सासूबाई त्या भेगांवर पाला पसरत येत होत्या. उघडी जमीन त्यांना बघवत नसे. दुपारपर्यंत जेमतेम खाटेएवढी जागा झाली. जावई फावड्यावर रेलला, उरलेल्या तुकड्याकडे बघून त्याने घाम पुसला.

“आई, ही सुधारायला किती वेळ लागेल हो?”

सासूबाईंनी पाल्यातून मान वर केली नाही.

“तुमच्यापेक्षा कमी.”