आत्यानं न केलेली घोषणा

माझी आत्या बसस्थानकावर घोषणा करते. काचेच्या खोलीत बसून, नाकातून, शब्द ताणत: "प्रवाशांनीऽऽ कृपया लक्ष द्यावंऽऽ." मी घरात हा आवाज काढला की शेजारचे काका पिशवी उचलून पळत सुटतात.

तिचा एक नेम आहे. गाडी फलाटावर लागलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय ती माईकचं बटण दाबत नाही. साहेब फोनवर ओरडतात, "अहो बाई, वळणावर आलीय, सांगून टाका!" आत्या म्हणते, "वळणावरच्या गाडीत कुणाला चढता येतं का?" म्हणून तिच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास.

साथ आली, मागून लस आली. स्थानकामागेच लसीची खोली उघडली आणि तिथली नर्स माशा मारत बसली. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पिता पिता एकमेकांना घाबरवायचे: कुणाच्या तरी मेव्हण्याचा हात म्हणे वरच होत नाही! शेवटी निकाल ठरलेला. "बाईंनी माईकवरून सांगितलं का? नाही ना? म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे."

आजीनंही तेच धरून ठेवलं. तिला दमा; चार पायऱ्या चढली तरी धाप लागते. साथीनं गाठलं असतं तर तिचं काही खरं नव्हतं. "लेक सांगेल तेव्हा घेईन." आणि लेक गप्प.

एकदा नर्सच काचेपाशी आली. "ताई, सांगा की लोकांना."

"मी कुठं काय बघितलंय त्यातलं?"

"मग या बघायला. दंड मात्र तुमचाच लागेल."

घरी आत्या आजीला म्हणाली, "मी घे म्हणायचं आणि तुला काही झालं तर?"

"आणि तू काहीच न म्हणता झालं तर?"

दुसऱ्या दिवशी जाऊन आत्यानं लस घेतली. संध्याकाळी कणकण आली, आमच्या बाबांना उगाच दोन शब्द ऐकवून झाले, मग ती झोपली. ताप उतरल्यावर कामावर गेली. आजी हट्टानं सोबत.

"प्रवाशांनीऽऽ कृपया लक्ष द्यावंऽऽ. मागच्या खोलीत लस मिळते. मी परवा घेतली. दंड दुखतो, ताप येतो, भावावर चिडायला होतं. आज बरी आहे. आजार असेल तर नर्सबाईंना आधी सांगावंऽऽ."

चहाचे कप हवेतच थांबले. बाकावरून आजी उठली. "सरका रे, माझी लेक बोलली." तिच्यामागे पोट सावरत एक कंडक्टर, मग दुसरा, मग रांगच.

टोचून झाल्यावर आजीला तिथंच खुर्चीवर बसवलं. आत्या समोर उभी, आजीच्या छातीच्या भात्यावर नजर लावून. बाहेर गाडी लागलेली, पण घोषणा नाही म्हणून एकही माणूस चढेना.

नर्सनं नाडी बघून मान हलवली, तशी आजी नाकातून, शब्द ताणत म्हणाली, "प्रवाशांनीऽऽ कृपया लक्ष द्यावंऽऽ. म्हातारी ठणठणीत आहेऽऽ."

सगळी रांग खदखदून हसली. आत्यानं रोखून धरलेला श्वास सोडला, पदरानं डोळे पुसले आणि माईककडे पळाली.