ताईच्या जागी बसणारा माणूस

"उठा. चला घरी."

एवढं बोलून तो शोरूमच्या गुबगुबीत सोफ्यावरून ताडकन उठायचा. आपणही निमूटपणे त्याच्यामागून दारापर्यंत जायचं. मग सेल्समन धावत यायचा, "सर, सर, बसा ना, मॅनेजरशी बोलतो," आणि सीटकव्हर, मॅटिंग असं काहीबाही फुकट मिळायचं. आमच्या किन्हवली भागात दारोदार ज्या गाड्या दिसतात, त्यातल्या कितीतरी या 'उठा'वर आलेल्या आहेत.

आमच्याकडे गाडी घ्यायला कुणी एकटं जात नाही. बैल घ्यायला न्यायचे तसा जाणता माणूस सोबत नेतात. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. आमचा हा. सगळी हयात त्याने शहापूरच्या रस्त्यावर जीप चालवली. मूळचा मुरबाडकडचा, माझ्या बायकोच्या माहेरच्या गावचा. गावची लेक म्हणजे बहीण, म्हणून ती त्याची ताई आणि मी भाऊजी.

मी शाळामास्तर. शोरूमला नुसती चौकशी केली आणि सेल्समनचे फोन सुरू झाले. नववीच्या वर्गात फळ्यावर प्रमेय मांडतोय आणि खिशात फोन वाजतोय. "सर, ऑफर फक्त आजच्या दिवस." ती ऑफर पुढे दीड महिना आजच्याच दिवस होती. मला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. "उद्या कळवतो" म्हणायचो, की उद्या सकाळी पुन्हा फोन हजर. शेवटी फोन त्याच्या हातात दिला.

"आमी काय येडे नाय रे," तो फोनवर म्हणाला. "घरात माणूस आजारी हाय. गाडी मी पसंत करणार, तू गप ऱ्हा."

मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू.

आजारी माणूस म्हणजे माझी बायको. तिचा खुब्याचा सांधा बदलला होता. बुटक्या जागी बसायचं नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. वर्ष झालं, तिने माहेर पाहिलं नव्हतं आणि तिकडे तिची आई थकत चालली होती. गाडी हवी होती ती एवढ्यासाठी, आणि उंच सीटची. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा एका बाजूने तिला त्यानेच धरलं होतं.

शोरूमला जायच्या दिवशी मी तिला घेऊन निघालो होतो. तर हा म्हणाला, "ताईला कशाला दगदग? ताईच्या जागी मी बसतो ना."

आणि खरंच बसला. एक पाय ताठ केला, कमरेवर हात ठेवला, "आई गं" म्हणत एका बसक्या गाडीत शिरला आणि तसाच कण्हत बाहेर आला. सगळे हसले. मीही हसलो.

"बघा, कुठं लागत नाय. उंच गाडी वळणावर डुलते, भाऊजी. ताईला मळमळल." हयात जीपवर गेलेला माणूस सांगतोय म्हणून मी उंच सीटचा हट्ट सोडला.

नंतर 'उठा' झालं, सेल्समनचं धावणं झालं, मॅनेजर आला. मी सही केली ती लढाई जिंकल्यासारखी.

घरी तिने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि दार धरून पाठमोरी बसायला गेली. अर्ध्यावर थांबली. सीट फारच खाली होती. तिच्या कपाळावर घाम आला. "आज नको, उद्या बसते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी उशी ठेवली, तर डोकं छताला टेकलं.

"सवय होईल गो ताई," पेढा तोंडात टाकत तो म्हणाला.

सवय झाली नाही. शेवटी मुरबाडला ती भाड्याच्या जीपने गेली, ड्रायव्हरशेजारच्या उंच सीटवर बसून. मागून मी नवी कोरी गाडी रिकामीच चालवत नेली. तेव्हाही मी त्याला दोष दिला नाही. चुकला असेल, म्हटलं.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी शोरूमच्या कोपऱ्यात बसलो होतो. तो आला. सोबत डोळखांबकडचे दोघे भाऊ होते. घरी म्हातारा गुडघ्यांनी अधू, त्याच्यासाठी गाडी बघत होते.

"म्हाताऱ्याला कशाला दगदग? त्याच्या जागी मी बसतो."

तोच पाय ताठ, तेच "आई गं", तीच बसकी गाडी. मी बघत राहिलो. मग एक गोष्ट दिसली. त्याने "उठा" म्हणायच्या आधीच सेल्समन जाऊन दाराशी उभा राहिला होता.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे कोण? "ते आमचेच ना, सर. कमिशनवर गिऱ्हाईक आणतात. जी गाडी खपत नाही ती यांच्याकडेच खपवायला देतात."

इतके दिवस ज्याच्या आडोशाला उभा होतो, तोच मला विकत होता.

तेवढ्यात त्याने मला पाहिलं. क्षणभर चपापला, पण जिभेची सवय जाते कुठे. "हे आमचे भाऊजी. यांनाच विचारा."

"गाडी बरी हाय ना, गुरुजी?" थोरल्या भावाने विचारलं.

"वडलांना इथे आणा आणि बसवून बघा," मी म्हटलं. "याच्या बसण्यावर जाऊ नका. माझी बायको अजून माझ्या गाडीत बसलेली नाही."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत निघून गेले. सेल्समन धावला नाही. सर्व्हिसिंग उरकून मी बाहेर आलो तेव्हा हा माझ्या गाडीपाशी आला, बराच वेळ बॉनेटवरची धूळ बोटाने पुसत राहिला. वाटलं, माफी मागेल.

"भाऊजी," तो म्हणाला, "ताईला सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्याच्यासाठी नव्हे. तिला एकही सख्खा भाऊ नाही.

भाऊबीजेला तो दरवर्षी सकाळीच यायचा. यंदा ती काठी टेकत दुपारपर्यंत दाराशी खुर्चीवर बसली. दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. ऊन उतरल्यावर तिने ओवाळणीच्या ताटातला दिवा शांत केला.

"तुमीच काय तरी लागट बोललात त्याला," ती म्हणाली. "त्याबिगर नाय राहायचा तो."

"हो," मी म्हटलं. "बोललो."

ती काठी टेकत आत गेली, ताट दाराशीच राहिलं.