धुक्यातला झोका

ईरा, कबीर,

हे तुमच्या आईला ठाऊक नाही. आजोबा गेले, ते हे न कळताच. म्हणजे ऐकणारे तुम्हीच पहिले.

मला सगळं जागच्या जागी लागतं — डब्यांवर नावं, दाराशी चपला जोडीने. मग ही एक गोष्ट इतकी वर्षं मी कुठे ठेवली होती?

धुक्यापासून सुरू करते. दिल्लीत, आमच्या द्वारकेतल्या जानेवारीच्या सकाळी समोरची इमारत नाहीशी होते. विमानाचा आवाज येतो, विमान दिसत नाही. स्वतःचा हातसुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटतो.

त्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी ठरवलं — फेऱ्या सोसायटीच्या बागेतच मारायच्या, पण प्रत्येकीने संक्रांतीपर्यंत पानिपतचं काला अंब युद्धस्मारक जितकं लांब, तितकं अंतर पुरं करायचं. त्यावर देणग्या मिळणार, त्यातून लहान मुलांना पायाला आधार देणारे कॅलिपर. 'चलो पानिपत! या वेळी जिंकूनच परत यायचं,' असं एकीने ग्रुपवर लिहिलंही. मनगटावरचा पट्टा पावलं मोजायचा. संध्याकाळी आकडा ग्रुपवर टाकायचा.

पोलिओचा पाय घेऊन मी उतरले. आणि समोरच्या ब्लॉकमधल्या सविताताई — मूळच्या नागपूरच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त, पक्षाघातानंतर काठी टेकत चालणाऱ्या. आम्हा दोघींचं सगळ्यांना फार कौतुक.

सुरुवातीला मी खरंच चालले. कॅलिपरच्या पट्ट्याने मांडी सोलून निघाली. मग एका सकाळी दमून मुलांच्या झोक्यावर बसले. चांगल्या पायाने जरासा रेटा दिला — आणि जमीन सुटली. लहानपणी नागपंचमीला बाकीच्या मुली झोके घ्यायच्या आणि मी खाली बसून त्यांच्या चपला सांभाळायची. त्या सकाळी धुक्यात मला पाय नव्हतेच. दोन्ही नव्हते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. उतरले तेव्हा मनगटाच्या पट्ट्यावरचा आकडा पुढे गेलेला होता. झोक्याच्या हालचालीला तो पावलं समजत होता.

त्याच वेळी हसून सगळ्यांना सांगता आलं असतं, नाही का?

मी तो आकडा ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा झोक्यावर गेले. मग रोजच.

सविताताई मात्र चालत होत्या. धुक्यात त्यांची काठी ऐकू यायची — टक्, मग पाय ओढल्याचा आवाज, पुन्हा टक्. तो आवाज जवळ आला की मी झोका थांबवायची. श्वाससुद्धा रोखायची.

"अहो वसुधाताई, लोखंडी पाय लावून तुम्ही पुढे, आणि मी हाडामांसाची मागे!" असं त्या हसून म्हणायच्या. मीही हसायची.

मग काठीचा आवाज बंद झाला. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, माझ्या कपात साखर कमी घातली — मला तशीच लागते, हे त्यांच्या लक्षात होतं.

"मी नाही येत आता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जमतं आणि मला जमत नाही, म्हणजे मीच आळशी. ग्रुपवर आकडा टाकायची बिल्कुल लाज वाटते हो."

एक वाक्य पुरलं असतं. जिभेवर होतं — अगदी जिभेवर. आणि मी काय म्हणाले?

"सवयीने जमेल, सविताताई. मनावर घ्यायला हवं."

झोका नाही, बाळांनो. हे वाक्य. सांगायचं होतं ते हे.

त्यांनी मान हलवली. त्या पुन्हा बागेत उतरल्या नाहीत. पुढे पायातली होती ती ताकदही गेली, चाकांची खुर्ची आली. आता त्याही नाहीत.

त्या वर्षीच्या संक्रांतीला आम्ही बस करून काला अंबला गेलो. तिळगूळ वाटला. सविताताई आग्रहाखातर आल्या होत्या, पण बसमधून उतरल्या नाहीत. मंडळाने मला शाल दिली. मी ती खांद्यावर घेतली, चार शब्दही बोलले — जिद्दीबद्दल.

त्या दिवसाचा फोटो तुमच्या फ्रिजवर आहे. कबीर, तू शाळेत 'माझी आजी' म्हणून दाखवायला नेला होतास तोच. त्यात माझ्या मागे बस उभी आहे. नीट पाहिलं तर तिच्या एका खिडकीत सविताताई दिसतात. त्या माझ्यासाठी टाळ्या वाजवत आहेत.