कपाटातली शेळी

शाळा-शाळांतून पुस्तकं आणि लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या बाईकडे पाठदुखी आणि किस्से आपोआप साठत जातात. पाठीला बाम लावता येतो. किश्शांना काय लावणार? ते कुणाला तरी सांगूनच उतरवावे लागतात. बसा, चहा घ्या, आणि ऐका.

माझं काम तसं सोपं. एका संस्थेतर्फे भोर आणि वेल्ह्याकडच्या छोट्या प्राथमिक शाळांत जायचं आणि पहिली ते चौथीच्या पोरांना पुस्तकं वाचायला, संगणक हाताळायला शिकवायचं. भोरहून एसटीनं चेलाडीला उतरायचं, तिथून वेल्ह्याची गाडी धरायची, पुढं मिळेल त्याच्या मोटारसायकलवर मागं बसायचं. एका खांद्यावर पुस्तकांची पिशवी, दुसऱ्यावर लॅपटॉप. पन्नाशी आली, गुडघे कुरकुरतात. या दिवाळीपासून मी थांबते, असं संस्थेला सांगून टाकलं. गुडघे हे कारण झालं, पण खरं म्हणजे मी कंटाळले होते. तेव्हापासून ऑफिसातल्या मुलीचा फोन सुरू झाला. "मॅडम, लॅपटॉप कधी जमा करताय?"

मी दर वेळी सांगायची, एक काम राहिलंय. ते काम म्हणजे वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीत शेंडकर गुरुजींचं पुस्तकांचं कपाट उघडायचं. ते झालं की मी मोकळी. वाडीचं नाव सांगत नाही, गुरुजींना वाईट वाटेल.

*

आधी माझ्याकडं दोन लॅपटॉप होते. एकाचं काय झालं ते ऐका.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका शाळेत सरस्वतीपूजन होतं. पोरांनी पाट्यांवर सरस्वती काढली, पुस्तकं मांडली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, संगणकपण विद्याच की. मांडा तोही." मला नाही म्हणवेना. लॅपटॉपला झेंडूचा हार घातला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कुणाला तरी वाटलं की झाकून ठेवलेल्या विद्येची पूजा कशी करायची, म्हणून तो उघडला. मग मुख्याध्यापिकांनी भक्तिभावानं नारळ फोडला. शेजारीच.

नारळ चांगलाच पाणीदार निघाला.

भोरच्या दुकानात दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप खोलला. आतलं ओलं कुंकू बघितलं. बोटानं थोडं घेऊन आधी स्वतःच्या कपाळाला लावलं आणि मग म्हणाला, "मॅडम, हे गेलं आता."

*

एका लॅपटॉपवर एवढी पोरं कशी शिकणार? म्हणून मी एका शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर भलामोठा कीबोर्ड रंगवला. अख्खा रविवार गेला, कंबर गेली. कल्पना अशी की पोरांनी अक्षरांवर उड्या मारत आपापलं नाव टाईप करायचं.

सोमवारी पोरं आली. चपला काढल्या आणि कडेनं उभी राहिली. कुणीही आत पाय टाकेना.

"अरे, मारा की उड्या."

"बाई, अक्षरं हायत ती. पाय कसा लावायचा?"

मी समजावलं की हा खेळ आहे, खेळात चालतं. त्यांना पटलं, पण अर्धंच. पोरगं अक्षरावर उडी मारायचं, खाली वाकायचं, अक्षराला हात लावून नमस्कार करायचं, मग पुढच्या अक्षरावर. ज्ञानेश्वर नावाच्या पोराचं अर्धं नाव होईपर्यंत तास संपला.

शेवटी दुसरीतली एक चिमुरडी पुढं आली, गुडघ्यांवर बसली आणि रांगत रांगत हातानं एकेक अक्षर दाबून गेली. मला म्हणाली, "खऱ्यावरबी हातच लावत्यात न्हवं?"

तेव्हापासून त्या शाळेत संगणक रांगून शिकतात. मी रंगाचा डबा देऊन टाकला.

*

एका शाळेत चार जुने संगणक आले होते. आले तेव्हापासून तिथं वीज टिकलेली मी पाहिली नाही. एकदा तपासणीला साहेब येणार असं कळलं. शिक्षकांनी पोरांना तेल लावून, भांग पाडून संगणकांसमोर बसवलं. वीज नव्हतीच. पोरं काळ्या पडद्याकडं बघत गंभीर चेहऱ्यानं बटणं बडवत होती.

साहेब एका पोराशेजारी थांबले. प्रेमळ माणूस होता. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काय टाईप करतोयस बाळ?"

पोरगं हात न थांबवता म्हणालं, "साहेब जाईस्तोवर कायबी."

*

पुस्तकांचंही तेच. मी पुस्तक घरी न्यायला देते, आठवड्यानं परत घेते. देताना बजावते की फाडायचं नाही, मळवायचं नाही. आंबवड्याच्या वाटेवरच्या एका शाळेतला प्रज्योत दर आठवड्याला पुस्तक कोरं करकरीत परत आणायचा. मी वर्गात त्याचं कौतुक करायची. मग एकदा सहज विचारलं, "आवडलं का रे?" तर तो माझ्याऐवजी पुस्तकाकडंच बघायला लागला.

एका दुपारी त्याच्या घरी गेले. आजींनी पाणी दिलं. भिंतीवर उंच फळी होती. तिच्यावर बुद्धाची मूर्ती, आणि शेजारी धुतलेल्या फडक्यात बांधलेलं माझं पुस्तक. पोराचा हात पोहोचूच शकत नव्हता.

मी म्हटलं, "आजी, त्याला द्या की ते. वाचायला दिलंय."

आजी माझ्याकडं बघतच राहिल्या. "वाचाया दिलं व्हतं व्हय? आमास्नी वाटलं, सांबाळाया दिलंय."

हसले मी. पण परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि मनात आलं, इतकी वर्षं मी पोरांना नेमकं काय शिकवत होते, कोण जाणे.

*

आता शेंडकर गुरुजी.

गुरुजींच्या शाळेत काचेच्या दारांचं कपाट आहे. आत सुंदर पुस्तकं, चित्रंच चित्रं, मुखपृष्ठं बाहेर दिसतील अशी मांडलेली. कपाटाला कुलूप. किल्ली गुरुजींच्या शर्टाच्या आतल्या खिशात, सेफ्टी पिनेनं टाचलेली.

गुरुजी वाईट नाहीत हो. पोरांवर जीव आहे. पण निवृत्ती जवळ आलेली, आणि जाताना नव्या गुरुजींना शाळेचा चार्ज द्यावा लागतो. खुर्च्या, सतरंज्या, पुस्तकं, सगळं धडधाकट दाखवावं लागतं. "एक पान फाटकं निघालं तर बोलणी मला बसतील, बाई. तुम्हाला नाही." मी नाना तऱ्हा करून पाहिल्या. गोड बोलले, रुसले, एकदा भांडलेही. ते हसायचे, खिशावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बघू पुढच्या खेपेला."

त्या शाळेत चौथीत आरोही आहे. पुढच्या वर्षी ती पाचवीला दुसऱ्या गावी जाणार. मधल्या सुट्टीत ती कपाटासमोर उभी असायची, आणि बाकीची पोरं तिच्याभोवती. खालच्या फळीवरच्या एका पुस्तकावर होडी, होडीत म्हातारा आणि शेळी असं चित्र होतं.

"बाई, जाण्याआधी मला तेवढं एक वाचाया मिळंल का?" तिनं विचारलं होतं. मी हो म्हणून बसले होते. अंगावर ओढून घेतलेलं ते एवढंच काम होतं.

*

परवा माझा तिथला शेवटचा दिवस. गुरुजींना म्हटलं, "आता पुढची खेप नाही. एक पुस्तक, एक तास, तुमच्या डोळ्यांसमोर. मग मी चालले."

गुरुजींचा हात खिशावर गेला. मग म्हणाले, "हात धुवा सगळ्यांनी. आणि थुंकी लावून पान उलटायचं नाही."

पिन काढली. किल्ली लावली. कुलूप काही उघडेना, इतकं गंजलेलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी गोडेतेल आणलं. कुलूप निघालं तशी पोरं टाचा उंचावून पुढं सरकली.

आरोहीनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. म्हातारा शेळी विकायला होडीतून बाजाराला निघतो. वाटेत त्याला पैशांची पिशवी सापडते. तो ती प्रामाणिकपणे परत करतो. राजा त्याला बक्षीस देतो. तात्पर्य.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आरोहीनं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, मागून पुढून पाहिलं.

"बाई, ह्येच्यात चुकीची गोष्ट छापलीय."

"चुकीची कशी?"

"म्हातारा बाजाराला न्हाई चालला. त्येचं गाव धरणाखाली गेलंय. शेळीचा गोठाबी खालीच हाय. ती खातपीत न्हाई, वरडत ऱ्हाती. म्हनून म्हातारा रोज तिला होडीतनं नेतो आन् पाण्यात वाकून दावतो, ह्ये बग आपलं घर."

"ही कुणी सांगितली तुला?"

"आमी पहिलीत व्हतो तवा चौथीतल्या ताईनं सांगितली. तिला तिच्या आदीच्या ताईनं."

पोरांनी माना हलवल्या. सगळ्यांना ठाऊक होती.

आरोहीनं माझ्या पिशवीकडं बघितलं. "बाई, त्या दिशी तुमी शिकवलं, संगणकावर चुकलेलं पुसता येतं, पुन्ना लिवता येतं. खरी गोष्ट त्येच्यात लिवू?"

मी लॅपटॉप काढून दिला. ती एका बोटानं टाईप करायला लागली. बाकीची पोरं मागून अक्षरं शोधून देत होती. गुरुजी खुर्चीत बसून होते, उघड्या कपाटाकडं पाठ करून. वाटलं, पेंगताहेत.

थोड्या वेळानं ते उठले, चष्मा लावला आणि पडद्याकडं वाकले.

"आरोही, तुझं एक राहिलं," ते म्हणाले. "घर दिसल्यावर शेळी आधी पाण्यात उडी मारते. मग म्हातारा तिला ओढून वर घेतो."

"व्हय की गुर्जी," आरोही म्हणाली आणि मागं जाऊन पुसायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातली मुलगी. "मॅडम, लॅपटॉप आज जमा करताय ना?"

मी म्हटलं, "आज नाही गं. शेळी अजून पाण्यात आहे."