बाई, साखर किती?

सोलापुरात मोठमोठ्या गायिकांचे चाहते पैशाला पासरी मिळतील. पण गाणं चालू असताना जावयालाही ‘या, बसा’ न म्हणणारा चाहता अख्ख्या जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमचा घरमालक. जावई पहिल्या दिवाळसणाला आला तेव्हा रेडिओवर बाईंचं गाणं लागलेलं. बाई म्हणजे ती प्रख्यात गायिका. तिचं नाव घेणं मालकांना उद्धटपणा वाटतो. जावई पिशवी धरून दारात उभा, आणि मालक ओठावर बोट ठेवून खुर्चीत. शेवटचं ध्रुवपद संपलं, तेव्हा कुठे उठून त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली. माझ्या घरात गाणं लागलेलं असलं तर ते जिन्यातच थांबतात, मग कामाचा कितीही खोळंबा होवो.

ही सवय मागावरची. शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत चादरी विणण्यात त्यांचं तारुण्य गेलं, पुढे आमच्या खोलीखालच्या शेडमध्ये स्वतःचे चार माग टाकले. त्या खडखडाटात फळीवरचा सेलचा रेडिओ दिवसभर लावलेला असायचा, पण ऐकू काय येणार, कपाळ! लाइट गेली की माग थांबायचे आणि बाईंचा सूर ऐकू यायचा. तेवढ्या वेळात कुणी तोंड उघडलं तर सगळा कारखाना त्याच्याकडे डोळे वटारून बघायचा. बाकी गावाला लाइट गेली की शिव्या आठवतात, आमच्या मालकांना गाणं आठवतं.

मी गल्लीतल्या हौशी मंडळींची नाटकं बसवतो. यंदाचं प्रहसन असं, की चार चाहते एका गायिकेला चहाला बोलावतात आणि तिला गाऊ मात्र देत नाहीत. चाहत्याचं काम मालकांना नाही द्यायचं तर कुणाला? सगळा हशा एका जागी होता. आतल्या खोलीतून गाणं सुरू होतं, आणि मालकांनी कपबशी घेऊन मधेच ओरडायचं, ‘बाई, साखर किती?’ आतलं गाणं म्हणून मी खऱ्या बाईंचं रेकॉर्डिंग लावलं, इथेच माझी अक्कल गहाण पडली. तालमीत गाणं लागलं की मालक गप्प. मी चिडलो की म्हणायचे, ‘संपू द्या की. साखर कुटं पळून जाती?’

घरमालकाला नाटकातून काढायला वाघाचं काळीज लागतं. तरी मी निर्वाणीचं सांगितलं, की उद्या बोलला नाहीत तर काम दुसऱ्याला. त्यांचं तोंड एवढंसं झालं, कारण मागावरच्या सगळ्या जुन्या सोबत्यांना त्यांनी घरोघर जाऊन आमंत्रणं दिली होती. दुसऱ्या दिवशी डोळे घट्ट मिटून एकदाचे बोलले, आणि मग जाऊन स्पीकरच्या पाया पडले.

प्रयोगाला पुढच्या दोन रांगा त्या सोबत्यांनीच भरल्या. गाणं लागलं. मालकांनी कपबशी उचलली, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि लाइट गेली. गाणंही तुटलं. लाइट गेल्यावर गाणं बंद पडतं, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदाच अनुभवलं असावं. मी विंगेत कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात अंधारातून उरलेला अंतरा ऐकू येऊ लागला. मालक गात होते. सूर म्हणाल तर रामा शिवा गोविंदा! पण पुढच्या दोन रांगा जुन्या सवयीने गप्प बसल्या आणि त्यांच्या पाठोपाठ सगळं सभागृह. कुणी खोकलंसुद्धा नाही. अंतरा संपला आणि थोड्या वेळाने लाइट आली. मालकांनी कपबशी सावरली आणि फार अदबीने विचारलं, ‘बाई, साखर किती?’ तेवढा हशा माझ्या एकाही नाटकाला कधी मिळालेला नाही.

दसऱ्यानंतर चारही माग भंगारात गेले. शेड रिकामी झाली, आणि आता लाइट असो नसो, मालकांचा रेडिओ दिवसभर जिन्यापर्यंत ऐकू येतो. परवा खाली जाऊन मी म्हटलं, मालक, आता चैन आहे तुमची. गाणं संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आदी माग थांबायचा, मग बाईंचं गाणं यायचं. आता थांबायला काय हाय?’

मी काहीतरी बोलणार होतो, पण पुढचं गाणं लागलं, आणि आम्ही दोघं गप्प बसलो.